बाळसे की सूज

तान्ह्या मुलाचे गाल भरले, मनगटांवर वळ्या दिसू लागल्या, की मराठी घरांत 'बाळाने बाळसे धरले' असे म्हणतात. या एका वाक्यात आईच्या दुधाचे कौतुक असते, घरच्या सुबत्तेची खूण असते आणि मूल जगणार याचा दिलासाही असतो. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ सोसले, त्याला भरलेले अंग सुंदर वाटावे यात नवल नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली. सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले. त्या वेळची मुले आज आजी-आजोबा झाली आहेत. नातवाच्या पोळीवर तुपाची धार सोडताना, 'खा बाळा, अंगी लागेल' असे म्हणताना त्यांच्या मनात कोठेतरी तो काळ जागा असतो. त्या मायेला दोष देणे अन्यायाचे होईल.

परंतु याच मराठीत 'हे बाळसे नव्हे, सूज आहे' असेही म्हणतात. अंग भरणे निराळे आणि फुगणे निराळे, वरून दोन्ही सारखीच दिसली तरी, हे जाणणाऱ्या अनुभवी नजरेचे ते बोल आहेत. दहा ते एकोणीस या वयाला किशोरवय म्हणतात. या वयातील मुलामुलींच्या वाढत्या वजनाकडे आज त्याच नजरेने पाहण्याची वेळ आली आहे. पंधराव्या वर्षी पोटावर साठलेली चरबी पंचेचाळिसाव्या वर्षी हृदयविकार किंवा मधुमेह होऊन समोर उभी राहू शकते. आणि भारतीय शरीराच्या बाबतीत ही शक्यता जगातील अनेक समाजांपेक्षा अधिक आहे.

हा बदल कसा घडतो, हे समजून घ्यायचे तर दिल्लीजवळच्या मानेसरकडे पाहावे. दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, अरवलीच्या पायथ्याशी, गुरुग्राम जिल्ह्यात हे गाव आहे. एका पिढीपूर्वी येथे बाजरी, गहू आणि मोहरीची शेते होती, दारात म्हशी होत्या. पुढे शेतजमिनी संपादित झाल्या, औद्योगिक वसाहत उभी राहिली, २००७ मध्ये मारुतीचा मोटारींचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्यामागोमाग सुटे भाग बनवणारे अनेक कारखाने आले. डिसेंबर २०२० मध्ये गावाची महानगरपालिका झाली. पुण्याजवळच्या चाकणने जो प्रवास केला, तोच मानेसरने केला. मोटारींच्या धंद्याने ही दोन्ही गावे एका दोरीत बांधली आहेत आणि त्या दोरीने काही मराठी माणसेही उत्तरेकडे गेली आहेत.

या प्रवासात मानेसरच्या माणसाच्या शरीराचे काय झाले, याचा विचार फारसा होत नाही. हरियाणाचा शेतकरी दूध, दही, तूप भरपूर खात असे. तो प्रांतच दूधदुभत्याचा. पण नांगरट, मोटेचे किंवा पंपाचे पाणी, वैरण, गुरे या साऱ्यांत ते तूप जिरून जाई. जमीन गेली, अंगमेहनत गेली. ताटातले तूप मात्र तेथेच राहिले आणि त्याच्या शेजारी बाटलीबंद पेये, वेफर्स, मोमो, बर्गर आणि तळलेल्या शेवया येऊन बसल्या. कासन, खोह, नाहरपूर या आसपासच्या गावांत कामगारांसाठी भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. तेथील कुटुंबाची कहाणी वेगळी, पण शेवट तोच. आईवडील दोघेही पाळीने कामाला. स्वयंपाकाला वेळ नाही. मुलाच्या हातावर दहा-वीस रुपये ठेवले जातात. त्या पैशात कोपऱ्यावरच्या दुकानात एक केळेही मिळते आणि चमचमीत कुरकुरीत पाकीटही. पाकीट चवीला सरस असते, लटकवलेलेही डोळ्यांसमोरच असते. मूल ते घेते. यात मुलाच्या हावरेपणाचा प्रश्न येतो कोठे?

खेळाचे म्हणावे, तर गावाच्या कडेची मोकळी शिवारे आता कुंपणांच्या आत गेली. रस्त्यावरून अवजड ट्रक धावतात, म्हणून सायकलवरून शाळेत पाठवायला आई घाबरते. हिवाळ्यात दिल्लीच्या परिसरातील हवा इतकी विषारी होते, की मुलांना बाहेर खेळू देऊ नका असे शासनच सांगते. काही वेळा शाळाही बंद ठेवाव्या लागतात. मग मूल घरात आणि मोबाईल हातात. राष्ट्रीय सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र याच मानेसरला आहे. देशातील अत्यंत काटक तरुण तेथे घाम गाळून घडवले जातात. त्या भिंतीपासून काही अंतरावर वाढणाऱ्या मुलाला तासभर धावायला जागा शोधावी लागावी, ही विसंगती मन अस्वस्थ करणारी आहे. रोज किमान एक तास अंगाला घाम येईल अशी हालचाल या वयाला हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि जगातील अकरा ते सतरा वर्षांच्या दर पाच मुलांपैकी चार मुलांना ती मिळत नाही, हेही तिनेच नोंदवले आहे.

'आपल्या देशात मुले उपाशी आहेत. लठ्ठपणाची चिंता ही श्रीमंतांची चैन आहे', असा आक्षेप येथे घेतला जातो. तो खोटा नाही, अपुरा आहे. २०१६ ते २०१८ या काळात केंद्र शासनाने मुलांच्या पोषणाचे देशव्यापी सर्वेक्षण केले. त्यात किशोरवयातील २४ टक्के मुले वयाच्या मानाने फार हडकुळी आढळली, तर ५ टक्के मुलांचे वजन प्रमाणाबाहेर होते. या दोन आकड्यांवर थांबले तर उपासमार हाच खरा प्रश्न ठरेल. पण त्याच सर्वेक्षणात मुलांचे रक्तही तपासले होते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर, म्हणजे रक्तातील साखर सामान्यापेक्षा अधिक असलेल्या अवस्थेत, दर दहांपैकी एक किशोर उभा होता. १६ टक्के मुलांच्या रक्तात एका प्रकारच्या चरबीचे प्रमाण अधिक होते. वजनकाट्यावर जाड ठरलेली मुले ५ टक्के. रक्तात बिघाड दिसलेली त्याच्या दुप्पट, तिप्पट. याचा अर्थ असा, की काटा ज्यांना 'ठीक' म्हणतो, त्यांच्यातही पुष्कळांचे आतून ठीक नाही.

या कोड्याचे उत्तर शोधण्याचे मोठे काम पुण्यात झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांची आणि पुढे त्यांच्या मुलांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. या खेड्यांत जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे बारीक, यात नवे काहीच नव्हते. नवे होते ते पुढेच. या बारीक बाळांचे स्नायू कमी होते, पोटातील अवयव लहान होते. पण कातडीखालची चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. बाळ दिसायला हडकुळे आणि घडणीने चरबीयुक्त! शास्त्रज्ञांनी त्याला 'सडपातळ-लठ्ठ' बाळ असे परस्परविरोधी नाव दिले.

डॉ. याज्ञिक यांनी हीच गोष्ट पुढे स्वतःच्या शरीरावरून जगाला दाखवली. उंचीच्या मानाने वजन किती आहे, हे सांगणाऱ्या मापाला बीएमआय म्हणतात. लंडनचे डॉ. जॉन युडकिन आणि डॉ. याज्ञिक या दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३ इतका होता. दोघेही सडपातळच दिसत. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ मध्ये दोघांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापून आले. वजनाच्या आकड्यावर विसंबणाऱ्या जगभरच्या डॉक्टरांना त्या एका छायाचित्राने जे शिकवले, ते जाडजूड ग्रंथांनाही साधले नसते.

पुण्याच्या खेड्यांतील ती बाळे मोठी झाली. वयाच्या अठराव्या वर्षी त्यांची तपासणी झाली, तेव्हा ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांच्या रक्तातील साखर सामान्य मर्यादेबाहेर गेलेली आढळली. ही मुले लठ्ठ नव्हती. त्यांचा मधला बीएमआय १९.४, म्हणजे चांगलाच सडपातळ होता. शेतकऱ्यांची मुले, खेड्यात वाढलेली, अंगाने शिडशिडीत, आणि तरीही ही स्थिती! अशा शरीरावर शहराने आणखी दहा किलो चढवले तर काय होईल, याची कल्पना करणे अवघड नाही.

कल्पनेचीही गरज नाही, कारण मानेसरच्या शेजारीच त्याचे उत्तर मिळाले आहे. दक्षिण दिल्लीत १९६९ ते १९७२ या काळात जन्मलेल्या मुलांच्या उंची-वजनाची नोंद नियमितपणे ठेवली गेली होती. त्यांपैकी सुमारे दीड हजार जण २६ ते ३२ वर्षांचे झाल्यावर त्यांची साखर तपासण्यात आली. ज्यांना मधुमेह झाला होता किंवा जे त्याच्या वाटेवर होते, ते दोन वर्षांचे होईपर्यंत बारीक होते. त्यानंतर त्यांचा बीएमआय इतरांपेक्षा लवकर आणि वेगाने चढत गेला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य असे, की यांपैकी एकही जण बाराव्या वर्षी लठ्ठ नव्हता. म्हणजे घरच्यांना, शेजाऱ्यांना, शाळेतील बाईंना ही मुले अगदी व्यवस्थित दिसत असणार. घातक ठरला तो वाढीचा वेग. बारीक जन्मलेले मूल भराभर भरू लागले म्हणजे घरात आनंद होतो. नेमकी तीच चढण सावधपणे पाहायला हवी होती.

अतिरिक्त चरबी शरीरात नेमके काय करते? जेवणातून आलेली साखर रक्तातून पेशींमध्ये नेण्याचे काम इन्सुलिन करते. इन्सुलिन स्वादुपिंडात तयार होते. पोटाच्या आत, अवयवांभोवती चरबी साठली, की पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. मग स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन ओतू लागते. काही वर्षे हा अधिकचा भार ते निमूटपणे वाहते. रक्ततपासणीत सारे ठीक दिसते. मानेला आणि काखेत काळपट, मखमलीसारखी जाड त्वचा दिसू लागणे, एवढीच काय ती बाहेरची खूण. घरची माणसे तिला मळ समजून घासत राहतात! शेवटी स्वादुपिंड थकते आणि साखर चढू लागते. जन्मतःच ज्याचे अवयव लहान आहेत, त्याचे स्वादुपिंड लवकर थकणार, हे ओघानेच आले.

मधुमेह पन्नाशीत होणे आणि सोळाव्या वर्षी होणे यांत फार अंतर आहे. अमेरिकेत दहा ते सतरा वर्षांच्या वयात हा वजनाशी निगडित मधुमेह झालेल्या मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा करण्यात आला. २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा त्या मुलांचे सरासरी वय २६ वर्षे होते. आणि त्यांतील ६० टक्के जणांच्या डोळ्यांत, मूत्रपिंडांत किंवा नसांत मधुमेहाने किमान एक बिघाड केलेला होता. सव्विसावे वर्ष म्हणजे नोकरीत स्थिर होण्याचे, संसार मांडण्याचे वय. कारखान्यात पाळीवर उभा राहणारा कामगार असो की शिवणकाम करणारी स्त्री, डोळे आणि पाय हेच त्यांचे भांडवल असते.

हृदयाची गोष्ट याहून संथ चालते. अमेरिकेतील बॉस्टन परिसरात १९२२ ते १९३५ या काळात शाळकरी मुलांची मापे घेतली गेली होती. त्यांतील ५०८ जणांचे पुढे काय झाले, हे ५५ वर्षांनी तपासण्यात आले. किशोरवयात स्थूल असलेल्या पुरुषांत हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सडपातळ असलेल्यांच्या तुलनेत दुपटीहून अधिक होता. संधिवाताचा त्रास अशा स्त्रियांत जास्त आढळला, तर आतड्याचा कर्करोग पुरुषांत. इस्राएलमध्ये लष्करी सेवेपूर्वी सतरा वर्षांच्या मुलामुलींची तपासणी होते. अशा २३ लाख जणांच्या नोंदींचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे वजन प्रचलित कोष्टकांप्रमाणे सामान्य, पण त्यातल्या त्यात वरच्या बाजूला होते, त्यांच्यातही पुढे हृदयविकाराने व रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण वाढलेले दिसले.

याशिवाय यकृतात चरबी साचते. दारूचा थेंबही न घेतलेल्या मुलाचे यकृत दारुड्याच्या यकृतासारखे दिसू लागते. रक्तदाब वाढतो. रात्री घोरताना श्वास अडखळतो आणि दिवसा वर्गात डुलक्या लागतात. मास्तर त्याला आळशी म्हणतात. मुलींची मासिक पाळी अनियमित होते, चेहऱ्यावर नको तेथे केस येतात. त्याची चर्चा घरात बंद दाराआड आणि बहुधा लग्न कसे जमेल याच दृष्टीने होते. मुलीच्या आरोग्याचा विचार वरपरीक्षेच्या तराजूत करणारी ही सवय सोडलेली बरी.

'वय वाढेल, उंची वाढेल, तशी चरबी आपोआप झडेल', हा सर्वांत लोकप्रिय दिलासा. काही मुलांच्या बाबतीत तो खरा ठरतो. पण बहुतेक लठ्ठ किशोर प्रौढपणीही लठ्ठच राहतात, आणि त्यामागे शरीराचे एक कारण आहे. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवले, की चरबी साठवणाऱ्या पेशींची संख्या बालपणी आणि किशोरवयात ठरते. प्रौढपणी वजन उतरवले तरी पेशी लहान होतात, संख्या घटत नाही. कणग्या एकदा बांधल्या, की रिकाम्या झाल्या तरी जागा अडवून बसतात, तसेच हे. म्हणूनच तिशीत वजन कमी करणाऱ्या माणसाला जो झगडा करावा लागतो, तो त्याच्या आळसाचा पुरावा मानू नये.

मात्र या साऱ्यातून 'आता काही उपयोग नाही' असा अर्थ काढणे चूक होईल. फिनलंड, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या देशांतील ६,३२८ व्यक्तींचा लहानपणापासून सरासरी २३ वर्षे पाठपुरावा करून २०११ मध्ये एक आशादायक निष्कर्ष मांडण्यात आला. लहानपणी स्थूल असूनही जे मोठेपणी लठ्ठ राहिले नाहीत, त्यांना मधुमेह, उच्च रक्तदाब आणि रक्तवाहिन्या कठीण होणे यांचा धोका कधीच लठ्ठ नसलेल्यांइतकाच होता. बॉस्टनचा अभ्यास याहून कठोर बोलतो, हे खरे. पण त्या मुलांच्या काळात औषधे नव्हती, तपासण्या नव्हत्या आणि कोणी त्यांना वेळीच सावधही केले नव्हते. पंधराव्या वर्षी आढळलेला धोका विसाव्या वर्षापर्यंत परतवता येतो, असे मानण्यास पुरेसा आधार आहे.

तो परतवायचा कोणी? सर्वसाधारण उत्तर असते, मुलाने. 'कमी खा, जीभ आवर, पहाटे ऊठ आणि पळ.' शाळेत त्याला 'ढोल्या' म्हणतात, नातेवाईक लग्नकार्यात चारचौघांत त्याच्या पोटावर टपली मारतात आणि त्याच पंगतीत आग्रह करून तिसरी जिलेबी वाढतात. चेष्टेने वजन उतरत नाही. उलट, हिणवले गेलेले मूल मैदानावर जायचे टाळते, लपून खाऊ लागते, किंवा मुलगी असेल तर जेवणच सोडते; वाढीच्या वयात जेवण सोडल्याने रक्तक्षय तेवढा पदरी पडतो. ज्या परिस्थितीत मुलाचे वजन वाढते ती त्याने निर्माण केलेली नाही. तेव्हा ती बदलण्याची जबाबदारीही एकट्या त्याच्यावर टाकता येत नाही.

घराकडून मागावे ते फार नाही. तीनशे मिलिलिटर गोड थंड पेयात सुमारे ३० ग्रॅम साखर असते. चहाच्या चमच्याने सहा-सात चमचे. एवढी साखर कोणतीही आई चहाच्या कपात घालणार नाही. ताक, लिंबूपाणी किंवा साधे पाणी तिच्या जागी आले, तर एकट्या त्या बदलाने पुष्कळ काही साधते. भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी हे जेवण गरिबीचे लक्षण आणि पाकिटातले खाणे प्रगतीचे, ही उलटी समजूत मात्र घराघरांतून काढून टाकावी लागेल. ज्या बाजरीवर मानेसरची मागची पिढी वाढली, तिचे पीठ आज शहरात आकर्षक पिशव्यांतून चढ्या भावाने विकले जाते, यातील विनोद ध्यानात घेण्यासारखा आहे.

घराच्या उंबऱ्याबाहेर कायद्याचे काम सुरू होते. महाराष्ट्र शासनाने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत अतिगोड, अतिखारट आणि तळकट पदार्थ विकण्यास मनाई केली. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०२० मध्ये नियम करून देशभर अशा पदार्थांची विक्री शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत बंद केली. नियम चांगला आहे. पण ५० मीटर म्हणजे मुलाची सत्तर-ऐंशी पावले. एक्याऐंशीव्या पावलावर दुकान असते आणि त्या दुकानावर एखाद्या लाडक्या क्रिकेटपटूचे किंवा नटाचे हसरे चित्र. पाकिटाच्या दर्शनी बाजूला साखर, मीठ आणि तेल यांचे प्रमाण, अक्षरओळख नुकतीच झालेल्या माणसालाही कळेल अशा ठळक खुणेने छापले जावे, ही मागणी म्हणूनच योग्य आहे. मागच्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेली माहिती ही माहिती लपवण्याचीच एक रीत आहे.

आणि जागा? औद्योगिक वसाहतीचा आराखडा आखताना कारखान्याचे भूखंड, रस्ते, वीज, पाणी, ट्रक उभे करण्याची सोय यांचा विचार बारकाईने होतो. त्या कारखान्यांत काम करणाऱ्यांची मुले कोठे धावतील, हा प्रश्नही त्याच कागदावर, त्याच वेळी सुटला पाहिजे. नंतर जागा उरत नाही. मानेसरला नवी महानगरपालिका आहे, चाकणची वसाहत अजून पसरते आहे. दोन्ही ठिकाणच्या कारभाऱ्यांना हे अजूनही करता येईल. शाळेची मैदाने संध्याकाळी कुलूपबंद न ठेवता वस्तीतील मुलांना उघडी करणे, यासाठी तर आराखड्याचीही गरज नाही.

दरम्यान, घरच्या घरी एक तपासणी बिनखर्चाने होते. मुलाच्या उंचीएवढी सुतळी घ्यावी, ती मधोमध दुमडावी आणि दुमडलेली सुतळी त्याच्या कमरेभोवती, बेंबीच्या पातळीवर, न आवळता गुंडाळून पाहावी. टोके सहज जुळली, तर पोटावर धोक्याची चरबी साठण्याचा संभव कमी. ती जुळली नाहीत, तर मुलाला न रागावता सरकारी आरोग्य केंद्रात न्यावे आणि रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून सुरू आहे. अशा तपासणीची आणि सल्ल्याची मागणी करण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. सुतळीला बीएमआयचे कोष्टक लागत नाही, वाचता येणेही लागत नाही. पुणे जिल्ह्यातील खेड्यात आणि कासनच्या भाड्याच्या खोलीत ती सारखेच माप दाखवते.